क्रॉसची पोरगी

"ही व्हय? ही क्रॉस हाय. नर आमचा, मादी मांगवाड्यातली."

मालक असं म्हणाला आणि हसला. कंपनीचा सुपरवायझर मोटारसायकलीवर एक पाय टेकवून बसला होता. तोही हसला. म्हणाला, "मंग माल चांगला निघंल." कपाशीच्या सरीत वाकलेल्या बायांमधून कुणाचं तरी हसू ऐकू आलं. कुणाचं ते मी वळून बघितलं नाही.

मी सातवीत होते. सुपरवायझरनं एवढंच विचारलं होतं, की ही पोरगी कुणाची, हिची बोटं चांगली चालून राह्यलीत. मला वाटलं होतं, मालक म्हणेल, आमच्या उत्तमची. उत्तम माझा बाप. आणि मालक म्हणजे माझ्या बापाचा सख्खा मोठा भाऊ. माझा चुलता. पण त्याला काका म्हणायची मला मुभा नव्हती. सगळे मजूर मालक म्हणायचे, मीही मालक म्हणायचे. लहानपणी मी एकदा त्याला काका म्हणाले होते, तर चुलतीनं घरातून ओरडून विचारलं होतं, की कुणाचा काका.

बाप तिथंच होता. चार सऱ्या पलीकडं. हातात नराच्या फुलांची पाटी. बायांना फुलं वाटायचं काम त्याच्याकडं होतं. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं ऐकलं होतं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तो क्षणभर थांबला. मग फुलं वाटत पुढच्या सरीत गेला.

त्या दिवसाचं मला हेच जास्त आठवतं. चुलत्याचं हसणं नाही. बापाचं पुढं जाणं.

आमच्याकडं भोकरदनच्या बाजूला, धावड्याच्या आसपास गावोगाव बियाण्याचे प्लॉट असतात. कापूस, मिरची, टमाटे. दुपारी मादी म्हणून लावलेल्या झाडांच्या कळ्या अंगठ्याच्या नखानं सोलायच्या, आतलं केसर काढून टाकायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचं फूल तोडून त्या कळीवर घासायचं. ह्याला क्रॉसिंग म्हणतात. सही करता न येणारी बाईसुद्धा क्रॉसिंगच म्हणते. दुसरा शब्द कुणाकडं नाही. "कुठं निघाली?" "क्रॉसिंगला." हंगामात शाळा अर्धी रिकामी व्हायची. लहान बोटांना कळी नीट सोलता येते, म्हणून पोरी लागायच्या.

तेव्हा मला क्रॉसचे तीनच अर्थ माहीत होते. एक हा, फुलाचा. दुसरा शाळेतला. गणित चुकलं की गुरुजी लाल पेनानं क्रॉस मारायचे. तिसरा मालकाच्या गोठ्यातला. तिथं क्रॉसची गाय होती. पांढरी-काळी, ढोपरापर्यंत कास. पाहुणे आले की मालक आधी तिला दाखवायचा. म्हणायचा, गावरान गाय काय कामाची, क्रॉस पाहिजे. उन्हाळ्यात तिच्यासाठी गोठ्यात पंखा लावला होता. आमच्या पत्र्याच्या खोलीत पंखा नव्हता.

म्हणजे क्रॉसचं बी महाग विकलं जायचं. क्रॉसच्या गाईला पंखा होता. आणि मी क्रॉसची पोरगी, तर प्लॉटवर प्यायचं पाणी मला वरून ओंजळीत ओतायचे.

संध्याकाळी मी मायला विचारलं, की माणूस क्रॉस असतं का. माय भाकरी थापत होती. ती त्याच सरीत होती, तिनंही ऐकलं होतं. तिनं हाताला पीठ लावलं. मग म्हणाली, "फुलाचं असतंय ते. माणसाचं नसतंय." आणि भाकरी तव्यावर टाकली. बाप दारात बसला होता. तो उठून बाहेर गेला.

माय क्रॉसिंगला जाणारी बाई. गया तिचं नाव. माझा बाप प्लॉटच्या मालकाचा धाकटा भाऊ. त्यांचं तिथंच जमलं. बापानं वस्तीत येऊन समाजमंदिरासमोर मायच्या गळ्यात हार घातला. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटो काढायला कुणाकडं काही नव्हतं. चुलत्यानं सांगितलं, की तू आम्हाला मेला. पण पुढच्या हंगामाला मजूर मिळेनात, तेव्हा मेलेल्याला निरोप आला. तेव्हापासून बाप स्वतःच्याच बापाच्या रानात रोजानं जायचा. त्याला मोठ्या घराच्या ओट्यापर्यंत जाता यायचं. आम्हाला फाटकापर्यंत. दिवाळीला त्याला जेवायला बोलवायचे आणि तो जायचा. येताना आमच्यासाठी फडक्यात बांधून आणायचा. मी खायचे. माय कधीच खायची नाही.

त्या हंगामानंतर मायनं मला प्लॉटवर नेणं बंद केलं. आठवीला जालन्याच्या वसतिगृहात टाकलं. बाप म्हणाला, एवढ्या लांब कशाला. मायनं पेटी उचलली आणि निघाली.

वसतिगृहात इंग्रजी शिकवायला एक मॅडम यायच्या. ख्रिस्ती होत्या. गळ्यात बारीक साखळी, तिला छोटा क्रॉस. पोरी म्हणायच्या, मॅडमचा क्रॉस चांदीचा आहे. तो शब्द ऐकला की मी तिथून उठून जायचे. एक दिवस तास संपल्यावर मी मागं थांबले आणि विचारलं, "मॅडम, क्रॉस म्हणजे काय?"

त्यांना वाटलं मी साखळीबद्दल विचारतेय. म्हणाल्या, ज्याच्यावर आमच्या देवाला खिळे ठोकले ते. मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाल्या, का गं? मी सांगून टाकलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते. सगळं सांगितलं, चुलत्याचं वाक्यसुद्धा, जसंच्या तसं. त्यांनी जवळ घेतलं नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. कपाटातून जाडजूड डिक्शनरी काढली आणि माझ्यासमोर उघडली. ह्या एका शब्दानं अर्धं पान भरलं होतं. त्या बोट ठेवून एकेक अर्थ मराठीत सांगत गेल्या. फुली. वधस्तंभ. संकर. रस्ता ओलांडणं. कुणाच्या आड येणं. रागावलेला.

मी म्हणाले, रागावलेला पण?

"हो. शी इज क्रॉस. ती रागावली आहे."

मी त्या ओळीवर बोट ठेवून बसले. मॅडम म्हणाल्या, "ह्यातला कुठला तुला लावायचा ते तुझ्या चुलत्यानं ठरवलं. तू अजून काही ठरवलं नाहीस."

मी बारावी झाले, बीएस्सी झाले. नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. काम काय? बियाण्याची शुद्धता तपासायची. क्रॉस नीट झालाय का, त्यात भेसळ तर नाही ना. देव थट्टा करतो असं लोक म्हणतात. मी देव मानत नाही, पण थट्टा झाली खरी.

तिथं सगळे मला बापाच्या आडनावानं ओळखायचे. आडनाव पाटलाचं. म्हणून माझ्यासमोर मोकळं बोलायचे. डबा खाताना एक जण म्हणाला, की फुकटच्या जागांवर हे लोक चढून बसलेत, आपली पोरं मात्र शेतात. "आपली" म्हणताना त्यानं माझ्याकडं बघितलं. मी घास गिळला. मग म्हणाले, माझी माय मातंग आहे. दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यातली भाजी कुणी मागितली नाही. त्याआधी रोज मागायचे.

मग बाप आजारी पडला. कावीळ पोटात उतरली. जालन्याच्या दवाखान्यात माय उशाला बसून होती, मी ड्युटी करून जात होते. चुलता एकदाही आला नाही. बाप गेला त्या दिवशी मात्र टेम्पो घेऊन आला. चार माणसं सोबत. म्हणाला, आमचा माणूस आम्ही घेऊन जातो.

जिवंत होता तेव्हा मजूर होता. मेल्यावर त्यांचा माणूस झाला.

आम्ही मागून एसटीनं गावात पोचलो. बापाला मोठ्या घराच्या अंगणात ठेवलं होतं. फाटकाला आतून कडी. माय बाहेर रस्त्यावर उभी राहिली. ती रडत नव्हती. फाटकाच्या गजांमधून तिला त्याचे पाय तेवढे दिसत होते. मी कडी वाजवली. चुलती आतून म्हणाली, "आता काय ऱ्हायलं इथं? जावा." चुलत्याच्या पोरानं पाणी पाजलं, त्यानंच आग दिली. बायांनी रीत म्हणून मायच्या बांगड्या फोडायला हव्या होत्या, तर कुणी पुढं येईना. विटाळ कुणी घ्यायचा? मायनं नाल्याच्या दगडावर स्वतःच्या हातानं फोडल्या.

काही महिन्यांनी कळलं, की सगळी जमीन चुलत्याच्या एकट्याच्या नावावर चढली. त्यानं लिहून दिलं होतं, मयताला बायको नाही, लेकरू नाही.

मी केस टाकली. भोकरदनच्या कोर्टात. माय नको म्हणत होती. म्हणाली, गावात राहायचं आहे मला. मी म्हणाले, तू राहून राह्यलीस का गावात? गावाच्या कडेला पडून हायेस. मग तिनं वकीलपत्रावर अंगठा दिला.

आमचे वकील तरुण होते, भले होते. पहिली तारीख जवळ आली तेव्हा फोन करून म्हणाले, "ताई, परवा मावशींचा क्रॉस हाय. दुसऱ्या तारखेला तुमचा क्रॉस."

मी फोन धरून तशीच उभी. त्यांना वाटलं लाइन गेली. मग त्यांनी समजावलं, की समोरचा वकील उलटे प्रश्न विचारतो त्याला क्रॉस म्हणतात. घाबरायचं नाही. हो किंवा नाही एवढंच बोलायचं.

मायचा क्रॉस झाला. मी मागच्या बाकावर बसले होते. चुलता दुसऱ्या बाजूला, पांढऱ्या कपड्यात. त्याचा वकील वयस्कर, आवाज एकदम गोड. त्यानं विचारलं, तुम्ही ह्यांच्या प्लॉटवर रोजानं जात होता? माय म्हणाली, हो. रोजाचे पैसे मिळत होते? हो. लग्नाची पत्रिका आहे? नाही. फोटो? नाही. भटजी कोण होता? भटजी नव्हता. मग तो हळूच म्हणाला, की म्हणजे मालकाचा भाऊ कामावरच्या बाईकडं येत-जात होता, असंच ना?

मायनं पिंजऱ्याचा कठडा धरला. म्हणाली, "ते गेले तव्हा म्या कुंकू पुसलं. ते कुणाचं पुसलं, साहेब?"

वकील म्हणाला, हे उत्तर प्रश्नाला सोडून आहे. ते लिहिलं गेलं नाही.

बाहेर आल्यावर माय चिंचेखाली बसली. मला म्हणाली, "पोरी, आता पुरं." तिच्या कपाळावर मोकळी जागा होती. तिथं घाम आला होता. मी म्हणाले, अजून माझा राह्यलाय.

माझ्या तारखेला चुलता गावातली बरीच माणसं घेऊन आला. मला पिंजऱ्यात उभं बघायला. वकिलानं शाळेचं विचारलं, नोकरीचं विचारलं. आडनाव कुणीही लावतं, असं म्हणाला. मयत इसमाची तुम्ही मुलगी नाही, असं म्हणणं आहे. मी म्हणाले, मुलगी आहे. मग त्यानं चष्मा काढला आणि चुलत्याच्या माणसांकडं बघत गोड आवाजात विचारलं, "गावात तुम्हाला काय म्हणून ओळखतात?"

मागं कुणीतरी खाकरलं. मला कळलं, की हा प्रश्न त्याला सांगून ठेवलेला आहे. मी लाजावं, मान खाली घालावी, रडावं म्हणून. हो किंवा नाही, असं मला शिकवलं होतं. पण ह्या प्रश्नाला हो नाही आणि नाही पण नाही.

मी म्हणाले, "क्रॉस म्हणतात."

टाइप करणारा थांबला. जजसाहेबांकडं बघून म्हणाला, की साहेब, क्रॉस म्हणजे काय लिहू? उलटतपास, का फुली? मागची माणसं हसली. जजसाहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हणाले, "संकर लिहा. जनावराचा असतो तसा. माझ्या चुलत्यानं प्लॉटवर सगळ्यांसमोर सांगितलं होतं, ही क्रॉस हाय, नर आमचा, मादी मांगवाड्यातली. पूर्ण वाक्य लिहा, साहेब. नर आमचा, हे त्यांचे शब्द आहेत. आज म्हणतात ही पोरगी कुणाची माहीत नाही."

गोड आवाजाचा वकील एकदम पुढं आला. म्हणाला, हे खोटं आहे, बनावट आहे. जजसाहेबांनी टाइप करणाऱ्याला माझं पूर्ण वाक्य लिहायला सांगितलं. मग म्हणाले, "पुढं लिहा. हे म्हणणे खरे नाही की मी खोटे सांगत आहे." वकिलाचं म्हणणं मी नाकारलं, ते सांगायची ही कोर्टाची भाषा. यंत्र खडखडलं. सातवीपासून जे माझ्या पोटात होतं ते सरकारी कागदावर उमटलं. मी चुलत्याकडं बघितलं. तो मोबाइलमध्ये बघत होता. मोबाइल बंद होता.

हे सांगताना मी जिंकले असं कुणाला वाटू नये. बाहेर आल्यावर आमचे वकील म्हणाले, बोललात चांगलं, पण साक्षीदार पाहिजे. ऐकलेलं कुणीतरी पाहिजे. तो सुपरवायझर कुठं गेला कुणाला माहीत नाही. ऐकलेल्या बाया गावातच आहेत. आजही त्याच प्लॉटवर क्रॉसिंगला जातात.

पण चुलत्याला धक्का बसला होता, हे नक्की. महिनाभरात निरोप आला. मोठ्या घरी या, बसून मिटवू.

मी गेले. माय रिक्षात बसून राहिली. फाटक उघडं होतं. ओट्यावर मला खुर्ची दिली. भावकीतली दोन म्हातारी माणसं मध्यस्थ म्हणून बसली होती. चुलतीनं स्टीलच्या ट्रेमध्ये चहा आणला, कपातून. मी म्हणाले, बोला मालक. तर चुलता म्हणाला, "मालक काय म्हणतीस? काका म्हण की."

किती सोपं होतं. एवढंच होतं तर आधी का नाही झालं?

मग त्यांनी सांगितलं. तू रक्ताची आहेस, आम्ही नाही म्हणत नाही. रोडच्या कडेचा तुकडा तुझ्या नावावर करून देतो. नाव लाव, घर बांध, तुझ्या लग्नात आम्ही उभे राहतो. फक्त तडजोडीच्या कागदात एवढं लिहायचं, की तुझी आई प्लॉटवर कामाला होती. लग्न झालं नव्हतं. तिचा काही हक्क नाही. म्हाताऱ्यांपैकी एक जण समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाई, तुला घेतलं ना आत. तिला कशाला ओढती? आमच्या घरच्या पोरींची लग्नं व्हायची हायेत."

म्हणजे नराकडून मला मोजायचं. मादी कापून टाकायची. प्लॉटवर क्रॉसिंग संपलं की नराची झाडं उपटून बांधावर फेकतात, इथं उलटं.

मी म्हणाले, "मालक, आधी माझी माय बायको. मंग मी पोरगी. उलटं न्हाई व्हत."

चुलता म्हणाला, विचार कर, कोर्टात काही मिळायचं नाही. मी म्हणाले, विचार करूनच आले. आणि उठले.

रिक्षात मायला सांगितलं तर ती चिडली. म्हणाली, घ्यायचं होतं. माझं काय, मी आज हाय उद्या न्हाई. तुझं भलं झालं असतं. बाप असता तर त्यानं घेतलं असतं.

मी म्हणाले, हो. बापानं घेतलं असतं.

खूप वर्षांनी बापाबद्दल आम्ही दोघी खरं बोललो. तो वाईट माणूस नव्हता. मायवर त्याचा जीव होता. पण तो दोन्ही घरचं खायचा, आणि दोन्हीकडं मान खाली घालायचा. त्याचं ते गप्प बसणं आम्हाला महागात पडलं. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. मी बोलणार.

आता सुट्टीच्या दिवशी मी गावात जाते. त्या बायांच्या दारात जाते, एकेकीच्या. बहुतेक दारं लागतात. एकीनं आत बोलवलं, पाणी दिलं, आणि हात जोडले. म्हणाली, "म्या ऐकलंय गं. पण आमचं पोट हाय तिथं." मी तिला म्हणाले, मी परत येईन. ती म्हणाली, नको येऊ. मी गेले परत. पुढच्या आठवड्यातही जाणार आहे.

जमिनीसाठी लढत नाही, मानासाठी लढते, असलं काही मी म्हणणार नाही. जमीन मला पाहिजे. ज्या रानात माझ्या मायच्या नखांत काळं गेलं, त्या रानातला बापाचा हिस्सा मला पाहिजे, आणि तो मायच्या नावासकट पाहिजे. दोन्हीतलं एक सोडून दुसरं घेणार नाही. भोकरदनला हरले तर जालन्याच्या मोठ्या कोर्टात जाईन. तिथं हरले तर संभाजीनगरच्या हायकोर्टात. अर्धा पगार जाऊ दे, लग्न राहू दे. चुलता मेला तर त्याच्या पोरावर केस चालवीन. गया, उत्तमची बायको, एवढं लिहिलेला कागद हातात पडेपर्यंत मी त्या घराला सुखाचा घास खाऊ देणार नाही.